जिन्याखालची खोली

आईने हात पुढे केला आणि मी तो पटकन धरला. समोर दोरी लावलेली होती, दोरीपलीकडे पलंग. काळसर निळा, कोरीव, अख्खाच्या अख्खा दगडाचा.

"अगं, ही तर पाटी आहे!" आई म्हणाली.

खरंच पाटी होती. आई सातारा जिल्ह्यात ज्या दगडी पाटीवर बाराखडी शिकली, त्याच जातीचा दगड. इंग्रज त्याला स्लेट म्हणतात. उत्तर वेल्समध्ये बँगरजवळच्या पेन्रिन किल्ल्यात हा एक टन वजनाचा पलंग आहे. १८५९ साली व्हिक्टोरिया राणी इथे मुक्कामाला आली होती, पण कबरीसारखा दिसतो म्हणून ती त्याच्यावर झोपली नाही, असं सांगतात. आईला राणीचं काही नव्हतं. ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीचा वास तिला आठवत होता आणि ती दोरीपाशी वाकून तो वास येतो का बघत होती.

मँचेस्टरहून आम्ही गाडीने सकाळीच निघालो होतो. आई दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात माझ्याकडे येते आणि तिला अशी जुनी घरं बघायला फार आवडतं. चुली कुठे होत्या, पाणी कुठून आणायचे, धुणं कुठे वाळत घालायचे, हे ती आधी विचारते. दिवाणखान्यातल्या तसबिरी मागाहून.

पेन्रिन म्हटलं तर किल्ला, म्हटलं तर श्रीमंताची हौस. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थॉमस हॉपर नावाच्या वास्तुविशारदाने तो बांधला, जुन्या नॉर्मन किल्ल्यांची ऐट आणून. मोठा जिना असा कोरलेला, की मान वर करून बघताना तोल जावा. मालक जॉर्ज डॉकिन्स-पेनंट. पैसा आला कुठून, तर जवळच्या बेथेस्डा गावच्या पाटीच्या खाणीतून. बरीच वर्षं मला एवढंच माहीत होतं. मी आधीही एकदा तिथे गेले होते, स्कोन खाल्ला होता, फोटो काढले होते आणि परत आले होते.

या वेळी मी फलक नीट वाचले.

खाणीत घालायला पैसा कुठून आला, हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. पोटापाण्यासाठी मी हिशेब तपासते. कुठल्याही ताळेबंदात भांडवल कुठून आलं हे आधी बघायचं, हे मी नव्या मुलांना शिकवते. इथे ते बघायचं राहून गेलं होतं. खाण मोठी केली ती याच घराण्यातल्या रिचर्ड पेनंटने, जॉर्जच्या आधी, १७८०च्या दशकात. रस्ते काढले, बंदर बांधलं. आणि हे घराणं सतराव्या शतकापासून जमैकात उसाचे मळे बाळगून होतं. ते मळे आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेल्या माणसांच्या जिवावर चालत. वेल्सचा डोंगर फोडायला लागलेला पैसा आधी साखरेचा होता.

रिचर्ड पेनंट स्वतः जमैकाला एकदाही गेला नाही. त्याचा सगळा कारभार पत्रांवर चाले, आणि ती पत्रं बँगरच्या विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत. एका पत्रात तो मुनिमाला कळवतो, की गुरांना आणि निग्रोंना कामाने फार दमवू नये. आधी गुरं, मग माणसं. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्यात मला थोडी दयाच दिसली होती. दुसऱ्यांदा वाचताना क्रम दिसला. बैल दमला तर नांगर थांबतो, एवढीच ती काळजी होती.

ब्रिटिश संसदेने १८३३ साली आपल्या वसाहतींमधली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, हे शाळेत आपण सगळे शिकतो. त्याबरोबर नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड वाटले गेले, हे शिकत नाही. सरकारच्या एका वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के एवढी ती रक्कम होती. ती मिळाली मालकांना. ज्यांना विकलं, डागलं, फटके मारले, त्यांना एक पेनीसुद्धा मिळाली नाही. उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली त्यांना त्याच मालकांकडे १८३८ पर्यंत फुकट राबावं लागलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासकांनी भरपाईचे हे सगळे दावे नावानिशी मांडून लोकांसमोर ठेवले आहेत, घरबसल्या कुणालाही बघता येतात. त्यात डॉकिन्स-पेनंट आहे. ७६४ माणसांबद्दल त्याला १४,६८३ पौंड मिळाले.

किल्ल्याच्या चहाच्या दुकानात बसून मी कागदी रुमालावर भागाकार केला. माणशी १९ पौंड आणि काही शिलिंग. सवयीने केला होता, उत्तर आल्यावर रुमाल चुरगळून पर्समध्ये टाकला, कचऱ्यात टाकवेना.

आणखी एक गोष्ट आईला सांगितली, ती तिला पटेना. त्या दोन कोटींसाठी सरकारने काढलेलं कर्ज पुढे जुन्या कर्जरोख्यांत मिसळत गेलं आणि त्याची शेवटची फेड झाली २०१५ साली. मी या देशात २००६ पासून कर भरते. म्हणजे माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला जो आकडा वजा होत होता, त्यातला कितीतरी बारीक का होईना, एक कण नऊ वर्षं या हिशेबात जात होता. माझाच नव्हे. बर्मिंगहॅमच्या जमैकन नर्सबाईंचा, ब्रिस्टलच्या बसचालकाचा. ज्यांच्या पणजोबा-खापरपणजोबांची किंमत लावली गेली, त्यांच्या पणतवंडांनी ती किंमत मालकाच्या वतीने फेडली. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मेल्यावरही उसनवारी चुकली नाही म्हणायची त्यांची."

बेथेस्डा तिथून जवळच. तिथल्या काही घरांतली माणसं अजूनही पेन्रिन किल्ल्यात पाऊल टाकत नाहीत. कारण जमैका नाही. कारण १९०० ते १९०३ असा तीन वर्षं चाललेला खाणकामगारांचा संप. त्या काळात संपकऱ्यांच्या खिडक्यांत पाट्या लागल्या होत्या: या घरात गद्दार नाही. गाव उपाशी राहिलं, दुभंगलं, कित्येक लोक दक्षिणेच्या कोळसाखाणींकडे निघून गेले. शंभर वर्षांवर काळ लोटला तरी ती जखम गावात माहीत आहे, कुणाच्या आजोबांनी काय केलं हेही माहीत आहे. मला त्या गावाबद्दल आदरच वाटतो.

पण यातूनच एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती काही केल्या डोक्यातून जाईना. संपकऱ्यांची नातवंडं हाकेच्या अंतरावर राहिली, म्हणून ते आठवणीत राहिले. जमैकातल्या ७६४ जणांची नातवंडं समुद्रापलीकडे. त्यांच्यातर्फे या दारात येऊन 'आमची माणसं कुठे?' असं विचारणारं कुणी नव्हतं. एखादं घर कुणाला लक्षात ठेवतं हे त्या घराच्या दयाबुद्धीवर ठरत नाही, दार ठोठावणारं कुणी जवळ आहे की नाही यावर ठरतं.

हे मी आईला सांगत होते. ती चहात बिस्कीट बुडवायची थांबली आणि म्हणाली, "आपल्या वाईच्या वाड्यात जिन्याखाली खोली होती बघ. बटकीची."

मला आठवली. माझ्या आजोळच्या वाड्यात माडीवर जाणाऱ्या जिन्याच्या पोटात एक खोली होती. चार बाय सहा असेल. दार इतकं बुटकं, की आम्ही मुलंसुद्धा वाकून आत जायचो. आत शेणाने सारवलेली जमीन, भिंतीत एकच कोनाडा, त्यात दिव्याच्या काजळीचा डाग. कोळशाची पोती आणि फुटके रांजण तिथे ठेवलेले असत. लपाछपीत सगळ्यांत चांगली जागा तीच. "बटकीच्या खोलीत कोण लपलंय?" असं ओरडत आम्ही वाडाभर पळायचो. हे नाव आम्ही दहा हजार वेळा तरी उच्चारलं असेल. ती बटीक कोण, हे एकदाही विचारलं नाही.

हा शब्द तर घरात रोजचा. भांडी घासताना आई चिडली की म्हणायची, "मी काय तुमची बटीक आहे?" मी माझ्या लेकीला म्हटलेलं आहे. शब्द तोंडात राहिला, बाई गेली.

आजोळचं घराणं पेशवाईतल्या कारकुनाचं. आणि पेशवाईतली ही गोष्ट काही दडलेली नाही, इतिहासाच्या अभ्यासकांनी दफ्तरातून काढून केव्हाच मांडलेली आहे. कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात, विकल्या जात, बक्षीस दिल्या जात. सरकारी कोठ्यांत, पागांत, किल्ल्यांवर त्या राबत, आणि ऐपतदार घरांतही. दळण, कांडण, पाणी, शेणगोठा. दुष्काळात आईबापांनी विकलेल्या मुली त्यांत असत. बदकर्माचा आरोप ठेवून सरकारने बटीक केलेल्या बायका असत. १८३३ च्या त्या कायद्यातून कंपनी सरकारचा मुलूख वगळलेला होता. हिंदुस्थानात कायदा आला १८४३ साली, आणि त्यानेही एवढंच केलं, की गुलामावरचा मालकी हक्क कोर्ट मानणार नाही असं ठरवलं. माणूस गुलाम म्हणून विकणं-घेणं हा गुन्हा झाला तो पुढे दंडसंहितेत.

अटलांटिकवरचा व्यापार आणि वाईच्या वाड्यातली एक बटीक यांना मी एका मापाने मोजत नाही. जहाजांच्या तळात साखळ्यांनी बांधून लाखो माणसं समुद्रापार नेणं, वंशाच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या मळ्यांत मारणं, याला तोड नाही. पण परक्याच्या घरात भांडवल कुठून आलं असं विचारताना माझा आवाज चढतो आणि आपल्या घरात तो बसतो, हे मला त्या दिवशी चहाच्या टेबलाशी कळलं. वेल्समध्येच पोविस नावाचा किल्ला आहे. तिथे क्लाइव्ह घराण्याने भारतातून नेलेल्या वस्तू आहेत, टिपू सुलतानाचा तंबूही आहे. तिथे गेलेल्या आपल्या माणसांचा संताप मी पाहिला आहे, माझाही झाला आहे, आणि तो रास्त आहे. जमैकाच्या बाईचा पेन्रिनमधला संताप तितकाच रास्त. आणि त्या बटकीचा? तिच्या वतीने संतापायला आमच्याशिवाय कोण आहे?

सप्टेंबर २०२० मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने एक अहवाल काढला. त्यांच्या ताब्यातल्या ९३ वास्तूंचा वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध त्यात नोंदवला होता. २९ वास्तू अशा, की ज्यांच्याशी संबंधित लोकांना गुलामांबद्दलची भरपाई मिळाली. केवढा गहजब झाला! चर्चिलचं घर यादीत कसं, आमच्या घरांना काळं का फासता, सहलीला आलेल्या माणसाला सुखाने बाग बघू द्या. काही खासदारही तावातावाने बोलले. प्रकरण धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या आयोगापर्यंत गेलं, आणि ट्रस्टने कुठलाही नियम मोडलेला नाही असा निर्वाळा त्यांनी २०२१ च्या मार्चमध्ये दिला.

त्या वेळी ऑफिसातही ही चर्चा व्हायची. 'तेव्हाच्या माणसांना आजच्या मापाने मोजू नका' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की मलाही ते थोडं पटायला लागलं होतं. आता पटत नाही. रिचर्ड पेनंट लिव्हरपूलचा खासदार होता. १७८९ साली विल्बरफोर्सने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संसदेत आवाज उठवला, तेव्हा हा त्याच सभागृहात विरुद्ध बाजूने बोलला. म्हणजे दुसरी बाजू त्याच्या कानावर पडलेली होती. ऐकून, विचार करून त्याने व्यापाराची बाजू घेतली. आणि जमैकातल्या माणसांना आपल्यावर अन्याय होतोय हे कळायला विल्बरफोर्सची वाट बघावी लागली नव्हती. १७६० मध्ये टॅकी नावाच्या माणसाच्या पुढारपणाखाली तिथे मोठा उठाव झाला. १८३१ च्या नाताळात सॅम्युअल शार्पच्या हाकेवर हजारोंनी कामं टाकली. शार्पला फाशी दिलं. ते 'तेव्हाची माणसं' नव्हते का? त्यांचंच माप लावा की.

घरी आल्यावर मी जुने फोटो काढले. आमच्या घराजवळ डनम मॅसी नावाची जुनी हवेली आहे, हरणांच्या बागेसाठी प्रसिद्ध. लेक पाच वर्षांची असताना आम्ही तिथे दर रविवारी जायचो. हवेलीच्या दारासमोर एक पुतळा होता. गुडघा टेकलेला आफ्रिकन माणूस, अंगावर पानांचं वस्त्र, डोक्यावर दोन्ही हातांनी तोललेलं सूर्यघड्याळ. फोटोत लेक त्याच्यासमोर उभी आहे, गुलाबी स्वेटर, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. दोघांची तोंडं जवळजवळ एका उंचीवर, कारण तो वाकलेला आहे. तो कुठे बघतोय हे त्या दिवशी फोटो काढताना मी पाहिलं नव्हतं. जून २०२० मध्ये, ब्रिस्टलमध्ये कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा लोकांनी पाण्यात ढकलला त्याच आठवड्यात, हा पुतळाही तिथून हलवला गेला. मला तेव्हा बरं वाटलं. त्याला तिथे दारात गुडघ्यावर बघत राहणं कुणाही मुलाच्या नशिबी येऊ नये.

तरी नुसतं हलवून मोकळं होता येत नाही, असं मला वाटतं. रिकाम्या चौथऱ्याकडे बघून माझ्या लेकीला काय कळणार? लीड्सजवळ हेअरवूड हाउस आहे, बार्बाडोसच्या साखरेवर उभं राहिलेलं लॅसेल्स घराण्याचं. डेव्हिड हेअरवूड नावाचा नट आहे इथला. त्याच्या पूर्वजांना याच घराण्याने गुलाम केलं होतं, आडनाव तिथूनच चिकटलं. २०२३ मध्ये त्याचं छायाचित्र त्या वास्तूत लावलं गेलं, जिथे इतकी वर्षं मालकांच्याच तसबिरी होत्या. मी ते बघायला मुद्दाम गेले. स्वच्छ सूट घातलेला, भरदार माणूस, सरळ तुमच्याकडे बघणारा. ज्या घरात आपल्या माणसांची नोंद मालमत्तेच्या रकान्यात झाली, त्या घरात तो पाहुण्यासारखा नाही, घरच्यासारखा उभा आहे. मागच्या बाजूला वेगळी खोली काढून 'गुलामगिरीविषयी माहिती' अशी पाटी लावली असती तर निम्मे लोक तिथे वळलेच नसते. जिथे जिना सुंदर आहे, तिथेच जिन्याचे पैसे कुणाचे हे लिहिलेलं हवं. बघणाऱ्याला दोन्ही एकदम दिसू देत. जिना तेवढाच सुंदर राहतो, मी दोनदा पाहिला आहे.

वाईचा वाडा आता पाडायचा आहे. भिंती फुगल्या, वासे किडले, भावकीत वाटण्या झाल्या. पाडण्याआधी मामाने एक चांगलं काम हाती घेतलं आहे: घराण्याचा कुलवृत्तान्त. वंशावळ, मूळ पुरुष, सनदेची नक्कल, वाड्याचं वर्णन, नकाशा. मामा ७८ वर्षांचा आहे आणि हे सगळं तो स्वतः टाइप करतो. मी त्याला फोन केला.

"मामा, जिन्याखालच्या खोलीचं लिहिलंस का?"

"कोठीची खोली म्हणून लिहिलंय."

"तिचं नाव बटकीची खोली होतं."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "अगं, पण कोण, कुठली, काहीच माहीत नाही. नाव नाही. वंशावळीत कुठे बसवू तिला?"

फोन स्पीकरवर होता. आई कपाटाशी साडीच्या घड्या घालत होती, तिथूनच बोलली. "दादा, सर्वपित्रीला आजी त्या खोलीच्या उंबऱ्याशी एक पान ठेवायची. आठवतं? शेवटचं पान. आपण विचारलं तर म्हणायची, 'आहे एकीचं.'"

मामाला आठवत होतं. भात, आमटी, एक वडा, खिरीचा ठिपका. पान ठेवून आजी मागे न बघता स्वयंपाकघरात जायची. आजीलाही नाव माहीत नसावं, किंवा असेल आणि तिने सांगितलं नाही. तिच्या सासूने ठेवलं म्हणून तिने ठेवलं. आजी गेल्यावर ते पान बंद झालं.

पंधरा दिवसांनी मामाने छपाईआधीची पानं पाठवली. वाड्याच्या वर्णनाचं पान मी आधी उघडलं. दिंडी दरवाजा, दोन चौक, विहीर, माडी, सागवानी जिना, 'जिन्याच्या कठड्यावरील कोरीवकाम विशेष प्रेक्षणीय'. आणि पानाच्या अगदी तळाला, फुलीची खूण करून, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'या वाड्यात एक बटीक राहत असे. नाव उपलब्ध नाही.'

मी परत फोन केला.

"मामा, ओळ बरोबर आहे. फक्त ती वर घे."

"किती वर?"

"जिन्याशी. कोरीवकामाच्या लगेच पुढे. आणि अक्षरं तेवढीच मोठी."

त्याने चश्मा शोधल्याचा, खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग एका बोटाने टाइप करतो तसे कळफलकाचे ठोके, सावकाश, एकेक.